वाटाण्याच्या पानावरचं ऊन

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा आता सांगायला हरकत नाही: तुमचं संशोधन भिकार होतं. कॉलेज तुमची स्मरणिका काढतंय. तुमची विद्यार्थिनी पुढे वर्तमानपत्रात गेली, म्हणून मुख्य लेख माझ्याकडे आलाय. तुमच्याबद्दल खरं लिहायचं की छापण्यासारखं, यात चार दिवस गेले.

पानाच्या फोटोवर चौकोनांची जाळी टाकायची, खरखरीत भाग किती चौकोनांत येतो ते मोजायचं, चौकोन बारीक करत पुन्हा पुन्हा मोजायचं. त्यातून खरखरीतपणाचा एक आकडा निघतो, फ्रॅक्टल मिती. आकडा मोठा तर वाटाण्याचं पान रोगट, हा तुमचा शोध. पद्धतीत खोट नव्हती. ती तुमच्या हाती पडली, एवढंच.

निरोगी पानांचे फोटो तुमच्या मदन महलच्या घरी, ट्यूबलाइटखाली काढलेले. रोगट पानांसाठी आपण शहराबाहेर पनागरला, एका शेतात गेलो, भर दुपारी. तुम्ही गाडीत बसून आहात, मी वाफ्यात उकिडवी. शेतमालक म्हणतो, "दीदी, छाँव में लो. धूप में तो अच्छा पत्ता भी चितकबरा दिखता है." मी एका निरोगी पानाचे दोन्हीकडे फोटो काढले आणि रात्री आपल्या मोजणीच्या प्रोग्रामला दिले. सावलीत ते निरोगी निघालं, उन्हात रोगट. आपला प्रोग्राम रोग ओळखतच नव्हता, ऊन ओळखत होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटोंचे प्रिंट तुमच्या स्वयंपाकघरात, टेबलावर ठेवले. तुम्ही पोहे खात होता.

"काहून गं, आता शेतकऱ्याकडून इमेज प्रोसेसिंग शिकून राहिली का?"

काकू हसल्या. तुम्ही बशीखाली प्रिंट सरकवले. "चलो, हे पान यादीतून काढ. प्रबंध याच वर्षी द्यायचाय ना तुला?"

मी काढलं. पुढे तुमचे सत्कार झाले. उन्हाचा शोध लावल्याबद्दल शाली घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

लेख आज सकाळी पाठवला, मुदतीच्या एक दिवस आधी. त्यात तुम्ही काटेकोर आहात, प्रेमळही. एक गोष्ट मात्र त्यातही नाही आणि आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं होतं, "सगळे फोटो एकाच प्रकाशात काढलेत ना?" तुम्ही चाचरलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "खरं तर..."

मीच मध्ये बोलले, "हो सर. एकाच."