चौदा दिवस उघड्यावर

योंगदो, बुसान
३ सप्टेंबर

चि. तायसिक यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पूल ओलांडला की तुझं ऑफिस, तरी पत्र पाठवते आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आज माझी सगळीच वाक्यं लांब आहेत. शिवाय पत्रात शिव्या नीट, क्रमाने देता येतात.

तुझे दाजी जिवंत आहेत. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं बसून वाचशील. यांचं ‘मिरिने’ जहाज इथून अमेरिकेला निघालं आणि दुसऱ्याच दिवशी ऐन जेवणाच्या वेळी मालाच्या चौथ्या खणात आग लागली. एकोणीस तास धुरात उभं राहून यांनी ती विझवली. खलाशांचा म्होरक्या सारंग, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. जहाज काळं तोंड घेऊन परत आलं. हे इस्पितळात आहेत. छातीत धूर बसलाय, दोन शब्द बोलले की भात्यासारखा आवाज येतो. तरी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले असतील? की डब्यात भांडी नव्हती.

झालं असं. वादळाने बंदर तीन दिवस बंद पडलं आणि एका जहाजाचा माल दुसऱ्यावर गेला. मिरिनेवर ऐनवेळी आलेल्या कंटेनरांत एक होता, कागदावर ‘चिनी मातीची भांडी’. भांड्यांना उबेचं काय, म्हणून यांनी तो तळाच्या खणात, तेलाच्या गरम टाकीशेजारी लावला. पण वजन बघून शंका आली. भांड्यांच्या मानाने डबा फारच हलका. यांनी लेखी विचारणा केली. दलालाकडून उत्तर आलं, की आम्ही भांडी रिकामीच पाठवतो, जेवण वाढून नाही. कंपनीच्या ऑफिसात म्हणे सगळे हसले.

आता चौकशी मंडळ विचारतं, शंका आली होती तर डबा चढवलाच का? कागदावरच्या दलालाच्या पत्त्यावर जाऊन पाहिलं तर तिथे केस कापायचं दुकान! म्हणजे उरला कोण, तर माल लावून घेणारा चीफ ऑफिसर, म्हणजे हे. १९ तारखेला सुनावणी आहे. चौतीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, शेवटची एक फेरी उरलेली, आणि परवाना काढून घेऊन त्याला कपाळावर डाग देऊन उतरवणार.

तू त्याच, माल पाठवायच्या धंद्यातला. भिंतीवर जोखीम व्यवस्थापनाचं सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र लावतोस. वसंतात नव्या ऑफिसची पूजा केलीस तेव्हा डुकराच्या मुंडक्यापुढे लोटांगण घालून सगळी जहाजं सुखरूप जावोत म्हणालास. मी शेजारीच होते. तर आता तो हरामखोर मला शोधून दे.

कळावे. लोभ आहेच. नाव घेऊन आलास तर वाढेल.

तुझी ताई,
ओक्सुन


जुंगआंग-दोंग, बुसान
६ सप्टेंबर

ती. ताईस,
तायसिकचा सा. न. वि. वि.

पत्र बसूनच वाचलं. दाजींसाठी शिंपल्यांची पेज पाठवली होती, पोचली असेल. गरम करताना उकळू देऊ नकोस, शिंपले चिवट होतात. (तुझ्या स्वयंपाकाला नाव ठेवत नाही. तेवढी जोखीम मी घेत नाही.)

ताई, तुझा राग बरोबर आहे. पण आमचा धंदा बाहेरून दिसतो तसा नसतो. एका डब्याच्या कागदाला दहा हात लागतात. मालवाला दलालाला सांगतो, तो पुढच्या दलालाला, तो कंपनीला. प्रत्येकजण आधीच्यावर विश्वास ठेवतो. त्यात हरामखोर असा कुणी एक काढता येत नाही. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की जोखीम कधी नाहीशी होत नाही, ती एकाकडून दुसऱ्याकडे सरकते. वादळं येतात, संप होतात, कालवे बंद पडतात. शेवटी ती कुणाच्या तरी हातात राहते, एवढंच.

माझं ऐकशील तर दाजींनी मंडळाशी वाद घालू नये. नजरचूक झाली असं लिहून द्यावं. वय बघून, प्रकृती बघून सौम्य घेतील. एका फेरीसाठी एवढी शोभा कशाला? आणि तू नाव शोधत फिरू नकोस. मनस्तापाशिवाय हाती काही लागत नाही.

चुसोकचा सण सहा ऑक्टोबरला आहे. बाबांच्या नावाचं पान यंदाही माझ्याकडेच. तांदळाचे सोंगप्यन मात्र तुझ्या हातचे हवेत. आमच्याकडे होतात ते खिडकीवर मारले तर काच फुटेल. हे हिला कळवू नये.

आहे तो लोभ असाच राहू द्यावा.

तुझा,
तायसिक


योंगदो
११ सप्टेंबर

तायसिक,

आज चिरंजीव नाही आणि आशीर्वादही नाहीत.

मी पाठवलेली चुसोकच्या भेटीची पेटी तुला मिळाली. वर लिहिलं होतं ‘नाजूची नाशपती, बारा नग’. तुझ्या माणसाने सही करून घेतली असेल. उचलताना हलकी लागली असेल, नाशपतीच्या मानाने फारच हलकी. कुणी उघडून पाहिली? कशाला पाहील! वर नाशपती लिहिलं की आत नाशपती.

आता तुझ्या बोटांना लागलंय ते काळं मिरिनेच्या चौथ्या खणातलं आहे. सारंगाने जळक्या डब्यातून चार कांड्या आणि गोणीचा तुकडा काढून ठेवला होता. त्याच्या बायकोने इस्पितळात आणून दिला. पेटीतल्या त्या तुकड्यावरची खूण बघ. तीन रेघा, खाली ठिपका. बाबांनी स्वतः कोरलेला ठसा. बुसानच्या धक्क्यावर डब्यांचे डोंगर पडलेले असतात आणि माझ्या नवऱ्याला धूर पाजायला आपल्याच भट्टीचा कोळसा यावा!

मी भट्टीवर फोन लावला. आपला चुलतभाऊ सत्तरीला आला, पण खोटं बोलायला अजून शिकला नाही. म्हणाला, तायसिकने भट्टी उघडल्याच्या तिसऱ्याच दिवशी ट्रक पाठवला. मी म्हटलं अजून ऊब आहे, पडू दे पंधरवडाभर. तर मलाच म्हणतो, दादा, जहाज तुमच्या कोळशाची झोप होईपर्यंत थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी! अरे, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी म्हटलं असतं, शहरातला माणूस, कोळसा त्याने शेगडीतच पाहिलेला. तू भट्टीवाल्याचा मुलगा. आपल्या अंगणात चौदा दिवस कोळसा उघड्यावर पडलेला असायचा. पाऊस आला तर आपल्या अंगावरची कांबळी त्याच्यावर जायची आणि आपण दोघं कुडकुडत बसायचो. बाबा म्हणायचे, वरून गार दिसतो, पण आत त्याचं अजून चाललेलं असतं. कोंडाल तर घर घेईल. सात वर्षांचा होतास तेव्हा दोन कांड्या चोरून कोठीत लपवल्यास आणि कोठी जळून गेली. बाबांनी हात लावला नाही तुला. तिथेच चुकलं त्यांचं.

आणि ते जेवण वाढून न पाठवणं! विचारणेच्या कागदावर जहाजाचं नाव होतं. खाली चीफ ऑफिसरची सही होती. त्या सहीच्या माणसाने तुला पोहायला शिकवलंय. मला बाकी काही नको. एवढंच सांग, सही वाचली होतीस का?

लोभाचं विचारू नये.

ओक्सुन


जुंगआंग-दोंग
१४ सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

वाचली होती.

कोळसा म्हटलं की निम्मी जहाजं दार लावून घेतात. उरलेली चौदा दिवसांचा दाखला मागतात. वादळाने आधीच सगळं लांबलेलं. लॉस एंजेलिसमधली मांस भाजणारी अकरा हॉटेलं रोज फोन करत होती, नाही जमत तर दुसरा बघतो म्हणत होती. मी मालाचं नाव बदललं, दलालाचा पत्ता उसना घेतला. डबा दुसऱ्याच जहाजावर जायचा होता, तो मिरिनेवर जाईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. दाजींची सही बघितली तेव्हा जहाज धक्क्यालाच होतं. चार तास होते. फोन हातात घेतला होता गं. मग वाटलं, दोन वर्षांत एकवीस डबे असेच गेले, एकालाही काही झालं नाही. आणि ते उत्तर लिहून टाकलं. विनोद केला की माणसं पुढचं विचारत नाहीत.

मंडळापुढे उभा राहिलो तर धंदा बंद, कदाचित तुरुंगही. माझ्या ऑफिसात सात माणसं आहेत. दाजींची एक फेरी उरली आहे, माझी वीस वर्षं. मी त्यांना जन्मभर काही कमी पडू देणार नाही. बहीण म्हणून विचार कर.

तुझा अपराधी,
तायसिक


योंगदो
१६ सप्टेंबर

तायसिक,

बहीण म्हणून विचार केला. चहा गाळेपर्यंत झाला.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. वाटलं, भडकतील. यांनी पाटी मागितली आणि लिहिलं, की तसले आणखी डबे आत्ता समुद्रावर आहेत का? मी तुला शिव्या घालण्यात इतकी गुंतले होते, मला हे सुचलंच नाही. फुप्फुसं करपलेल्या माणसाला सुचलं. उत्तर मला नको. ज्या जहाजांवर ते डबे असतील त्यांना दे. आजच दे.

मी मंडळाकडे जाणार नाही. हे तुझं नाव घेणार नाहीत आणि नजरचूक झाली असं खोटंही लिहून देणार नाहीत. गोणीचा तो तुकडा एकच होता, तोही तुझ्याकडे आहे. मुद्दाम पाठवला. जाळायचा तर जाळ, त्यात तुझा हात कुणी धरणार नाही. जोखीम सरकते म्हणालास ना? सरकत सरकत तुझ्याच टेबलावर आली आहे. आता सरकवून दाखव.

१९ तारीख, सकाळी दहा.

ओक्सुन


जुंगआंग-दोंग
२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन डबे वाटेवर होते. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी, ते वाचून खुर्चीतून उठायच्या आत, दोन्ही जहाजांना कळवलं. एक जवळच्याच बंदरात होतं, त्यांनी डबा उतरवून उघडला. गोण्यांना हात लावला तर चटका बसत होता. दुसऱ्या कप्तानाने फोनवर कुठल्याशा भाषेत मला बराच वेळ सुनावलं. शब्द एकही कळला नाही, पण राहिलंही काही नाही.

काल मंडळापुढे गोणीचा तुकडा ठेवला. त्यांनी एक फॉर्म दिला. ‘मालाचे खरे नाव’ या रकान्यात ‘ओकचा कोळसा’ लिहिलं. ‘भट्टीतून काढून किती दिवस’ पुढे ‘तीन’. वीस वर्षांत असे हजारो फॉर्म भरले, हात कधी थांबला नव्हता. तीन लिहिताना थांबला. दाजींवर ठपका राहिला नाही, असं अध्यक्षांनी तिथेच नोंदवलं. माझ्यावर खटला होईल.

प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं. इस्पितळात आलो होतो, दाराच्या काचेतून दाजी दिसले, परत फिरलो. बाबांचं पान यंदा तुझ्याकडे व्हावं असं वाटतं. मी यावं की नाही, ते तू सांग.

तायसिक


योंगदो
२२ सप्टेंबर

चि. तायसिक यास,

‘चि.’ सवयीने लिहून गेलं. खोडत नाही, कागद खराब होतो.

खरं बोललास हे ठीक. पण पराक्रम केल्यासारखं लिहू नकोस. आग लागल्यावर घंटा वाजवणाऱ्याला कुणी हार घालत नाही, आणि आग त्यानेच लावली असेल तर मुळीच नाही. आधी सारंगाच्या घरी जा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, जेवायच्या काड्या धरता येत नाहीत, बायको भरवते. तिच्यासमोर उभा राहा. ती बोलेल ते सगळं ऐक. आणि तिथे विनोद करशील तर माझ्याशी गाठ आहे.

हे काल बसून जेवले. तू येणार का म्हणून पाटीवर विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी माझं उत्तर पुसलं, म्हणजे पाटीच पुसली, आणि प्रश्न पुन्हा लिहिला. या माणसाशी भांडताही येत नाही.

तेव्हा ऐक. तू आत्ता कुठे बाहेर निघाला आहेस. वरून गार वाटतोस. पण आत तुझं अजून चाललेलं असणार, माझा धंदा, माझी वीस वर्षं, मीच बिचारा. अशाला घरात घेत नसतात, हे बाबांनी आपल्या दोघांनाही शिकवलंय. चौदा दिवस बाहेर राहा. उद्यापासून मोज. चौदावा दिवस कोणता येतो ते बघशील, पण तो मी मुद्दाम धरलेला नाही. सोंगप्यनही जास्त करणार नाही. दरवर्षी करते तेवढेच करीन.

लोभ उघड्यावर ठेवला आहे. पाऊस आला तर झाकीन.

तुझी ताई,
ओक्सुन