पुण्याची जागा

१८ ऑगस्ट
अंकिताला पुणे! मला इथलंच सोलापूर, तेही यादीतलं चौथं कॉलेज. बी. फार्मसीची पहिली फेरी आज दुपारी लागली. दोघींचे फॉर्म मीच भरले होते, निकालही मीच उघडले. आधी तिचा. उघडायलाच नको होता.

दोन मार्कांचा फरक! रसायन तिला मी शिकवलं — माझ्याच वह्यांतून. सयाजीकाका भिंतीपलीकडून गल्लीला ऐकवत होते, "आमची अंकी पुण्याला चालली!" आईनं वाटीत साखर दिली, चुलतबहिणीच्या हातावर ठेवायला. ठेवली.

१९ ऑगस्ट
काकांनी नव्या पेठेतून निळी ट्रॉली बॅग आणली. अंकिता ती अंगणात ओढून बघत होती. "आरू, आवाज बघ की कसा येतोय!"
दिवसभर येत होता.

२० ऑगस्ट
तिनं विचारलंच. विचारणारच होती — घरात बारावी झालेल्या आम्ही दोघीच पहिल्या, आणि नियम वाचणारी मी एकटी. "फ्रीझ करू का बेटरमेंट घेऊ?"

नियम मला पाठ आहेत. फ्रीझ म्हणजे मिळालेली जागा पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. बेटरमेंट म्हणजे पुढच्या फेरीसाठी थांबायचं. पण यादीतलं वरचं कॉलेज मिळालं, की आधीची जागा आपोआप जाते. परत मागता येत नाही. आणि तिच्या यादीत पुण्याच्या वर एकच नाव आहे — इथलं, सोलापूरचं सरकारी कॉलेज; मला लागलं ते नव्हे. काकांनी हट्टानं टाकायला लावलेलं. "पोरगी घराजवळ बरी." या फेरीत ते तिचं काठावर हुकलं.

मी म्हणाले, "बेटरमेंट घे. हातातली जागा कुठं जात नाही."
"नक्की की?"
"नियमात आहे."

वरचं कॉलेज मिळालं नाही तर जात नाही. हे पुढचं मी बोललेच नाही. खोटं नाही बोलले. फक्त थांबले.

पुण्याच्या यादीत तिच्या खालोखाल मी आहे. आणि मी बेटरमेंटच घेतलंय.

२१ ऑगस्ट
उद्या पाचपर्यंत बदलता येतं. सकाळी सांगायला गेले होते. ती मोबाइलवर पुण्याची होस्टेलं बघत होती. "खिडकीजवळची खाट माझी हं!" म्हणजे जसं काही तिथं दुसरं कुणी जाणारच नाही! तशीच परत आले.
आई म्हणाली, "तोंड का उतरलंय? हितलं कॉलेजबी चांगलंच हाय की."
उद्या सांगेन. नक्की.

२२ ऑगस्ट
पाच वाजून गेले.

२८ ऑगस्ट
दुसरी फेरी. अंकिता — सोलापूर. मी — पुणे.

काका खूश. "घरचं जेवण सुटत न्हाय बघ आता तिचं!" अंकिता मात्र पान पुन्हा पुन्हा उघडत राहिली. "आरू, पुणं मिळालं होतं की मला. कुटं गेलं?"
मी म्हणाले, "सिस्टिमनं बदललं."
सिस्टिमनं!

आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

२९ ऑगस्ट
ती बॅग घेऊन आली. हँडलवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. "तू ने. मला आता पाठीवरची सॅक पुरे. परकं कुणी गेलं असतं तर लई वाईट वाटलं असतं. तू चाललीस म्हणून बरं वाटतंय."

जागा मिळाली, बॅगही मिळाली, तरी मला तिचाच हेवा वाटला. असं देऊन टाकता येतं तिला! मला साखरेची वाटीसुद्धा मनापासून देता आली नव्हती.

बॅग खाटेखाली ढकलली आहे.

३० ऑगस्ट
सकाळी पुणे फ्रीझ केलं. पावती छापून घेतली, घडी घातली, मग भिंतीपलीकडे गेले. अंकिताला राहिलेलं सगळं सांगितलं. नियम, काकांचं वरचं नाव, खालोखाल मी. काहीच वगळलं नाही.

तिची नजर माझ्या हातातल्या घडीवर गेली.
"फ्रीझ करायच्या आधी सांगतीयस," तिनं विचारलं, "का केल्यावर?"