मापाचा सदरा

ता. ४ मार्च

चि. सौ. धाकटीस अ. आ.

बंदरावर दगडी भिंत बांधणार, लढाईत गेलेल्यांची नावं कोरणार, त्यात माझ्या भावाचंही कोरू का, असं तू विचारतेस. नको. त्याचं विमान जहाजावरून उडालं आणि परत उतरलं नाही, एवढंच आरमारानं कळवलं होतं. बुडताना कुणी पाहिलं? बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. चौथीच शिकले, पण एवढं कळतं मला.

त्याचा निळा सदरा मी दर वर्षी थोडा उसवून वाढवते. शिवणीतली माया केव्हाच संपली, आता कापड जोडते. आपल्या घरातल्या पुरुषांची पोटं चाळिशीला सुटतात. परत आला आणि बटण लागलं नाही, तर माझ्या शिवणाची अब्रू जाईल. गिऱ्हाईक खोळंबलंय. पोरीला पापा.

रागावले तरी तुझीच,
नणंद

ता. १२ मार्च

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

पोटाचं वाचून हसले. त्यांनी ऐकलं असतं तर तुमची धडगत नव्हती.

वन्सं, समुद्र सगळीकडून सारखाच दिसतो. बघायचं तर कुठे बघू? भिंतीवर हात तरी ठेवता येईल. बाबा कुठे असं मुलीनं विचारलं की मी खिडकीबाहेर बोट दाखवायची. आता तिला तेवढं पुरत नाही. नावं महिनाअखेर द्यायची आहेत. तुमचं मन मोडून मात्र देणार नाही.

रागातही लोभ असू द्यावा.
आपली धाकटी

ता. १९ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

दुपारी मशीनवरच डोळा लागला. तो आला, नेहमीसारखा दार न वाजवता. कपडे कोरडे, केसांत मीठ. मशीनखाली निळं पाणी भरत होतं, पण मला भीती वाटली नाही. उशीर केलास म्हणून झापलं आणि आधी सदरा घालून बघ म्हटलं. घातला, तर खांद्यावरून घसरला. घेरात वारा शिरला, शिडासारखा फुगला. तेवढाच होता गं तो, गेला तेवढाच. पोट कुठलं सुटायला! आरशात बघून हसला, ताई, हा कुणाचा सदरा म्हणाला. माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

जागी झाले आणि जोडलेलं सगळं कापड उसवलं. सदरा जुन्या मापावर आणला, इस्त्री केली. सोबत पाठवतेय.

नाव देऊन टाक. पोरीचा हात टेकेल इतकं खाली कोरा म्हणावं. ऐकलं नाही तर मला बोलव, मी बघते त्यांच्याकडे. सदरा तिलाच घाल. आज ढगळ होईल, उद्या नाही.

शिवणीत माया राखली आहे, लागेल तशी सोडव.
तुझी नणंद