एक ओळ सरकून

रविवार, २ जून १९९६
घरून, नेब्रास्का

प्रिय ड्वेन,

तू बरा असशील. डुलुथच्या बंदरातलं बर्फ आता तरी वितळलं असेल. पत्ता आईकडून घेतला. नाताळात तू तिला पाठवलेलं कार्ड तिनं पिठाच्या डब्यामागे लपवलंय, आणि ते तिथं आहे हे बाबांसकट सगळ्यांना ठाऊक आहे.

इकडे सगळं ठीक. आईच्या स्ट्रॉबेऱ्या यंदा उतू चालल्यात. हावलिकबाईंचा म्हातारा कुत्रा गेला. मी बारावी पास झाले. आईनं केक केला, चर्चमधली झाडून सगळी माणसं आली, प्रत्येकानं "आता पुढं काय?" विचारलं आणि मी प्रत्येकाला "कॉलेज, लिंकनला, ऑगस्टमध्ये" असं सांगितलं. केकचे दोन तुकडे खाल्ले, पण चव कशी होती ते सांगता येणार नाही. हल्ली माझं असंच चाललंय. रडू येत नाही, हसूही येत नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो, तशी मी अख्खी झालेय.

कामाचं सांगते. कॉलेज सुरू होईपर्यंत उन्हाळ्यात कुठं काम करायचं, ते मला पुढच्या रविवारपर्यंत ठरवायचंय. हावलिकबाई त्यांच्या बेकरीत ये म्हणतात, कोलाच्यांमध्ये, त्या गोड पावांमध्ये, जर्दाळू आणि खसखस भरायला. म्हणाल्या, "तोंड मिटून काम करणारी पोरगी हवीय मला. तू तर वर्षभर तोंड उघडलेलं नाहीस, तूच ये बाई." नाहीतर लिंकनला व्हेल्मामावशीकडे राहायचं आणि तिच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागायचं. मावशी फोनवर म्हणाली, "चादरी उलटून बोलत नाहीत गं, फार सुख आहे."

आणि तिसरी म्हणजे बाबांची टोळी.

हो, बाबांना यंदा परत बियाण्याच्या मक्याचे तुरे काढायचं काम मिळालंय. जुन्या कंपनीनं नाही दिलं. दुसऱ्या एका छोट्या बियाणेवाल्याची दोन शेतं आहेत फक्त. परवा नाश्त्याला बाबा म्हणाले, "लोरीन, यंदा मुकादम तू."

"मी?"

"मग काय मांजराला करू? तुझ्या भावानं घातलेला घोळ निस्तरायला घरातलंच माणूस नको का?"

आई ताटली विसळत होती, ती विसळतच राहिली. मी "बघते" म्हणून उठले.

हे सगळं तुला का लिहितेय, ते तुला एव्हाना कळलं असेल. तू कधीच मठ्ठ नव्हतास. मीच वळसे घेतेय.

गेल्या जुलैतल्या त्या सकाळचं सांगते. तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण मी ते आजवर कुणाजवळ बोललेले नाही. धुकं होतं. दवानं भिजू नये म्हणून पोरं कचऱ्याच्या पिशव्यांना भोकं पाडून त्या अंगात घालून उभी होती. निम्मी पोरं नवीन, बारा-तेरा वर्षांची. तू मला मक्याच्या कडेला नेलंस आणि म्हणालास, "लाल झेंडीची ओळ तुझी. मोजणी तुझ्यापासून. चार मादी, पाचवी नर. मादीचे सगळे तुरे उपटायचे, राहिले तर बियाणं भेसळीचं; नराच्या तुऱ्याला हात लावायचा नाही. डोक्यात शिरलं का राणीसाहेब?" मी म्हटलं, "जा रे, कुकुलं बाळ नाहीये मी." तू हसत दुसऱ्या तुकडीकडे गेलास.

झेंडीच्या ओळीच्या तोंडाशी पाण्याचं डबकं होतं. माझे बूट नवे होते, पांढरे. मी एक ओळ सरकून उभी राहिले.

एवढंच. पण मी सरकले तशी माझ्यापासून मोजणारी सगळी रांग सरकली. वीस पोरांनी अर्धा मैल जाऊन दरवेळी नर ओळीचे तुरे उपटले आणि पुढची मादी ओळ नर समजून तशीच सोडली. दुपारी कंपनीचा तपासनीस आला आणि अख्खं शेत बियाण्यातून बाद झालं. बाबांचं अठरा वर्षांचं काम गेलं.

टोळीला शेतावर नेणाऱ्या बसपाशी बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुणी सांगितलं होतं त्या ओळीपासून मोजायला?"

मी म्हटलं, "ड्वेननं."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग माझ्या कोरड्या बुटांकडे पाहिलंस आणि काही बोलला नाहीस. बाबा म्हणाले, "एवढा घोडा झालास आणि नर-मादी कळेना तुला? बसमध्ये नाही यायचं. चालत ये घरी." चाळीस पोरं खिदळली. सात मैल होते. वाटेत बस तुझ्या बाजूनं गेली तेव्हा मी समोरच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन बघत बसले होते.

का बोलला नाहीस रे तू? एक शब्द बोलला असतास, तर मी तिथंच कबूल केलं असतं. आता असं वाटतं खरं, पण कदाचित केलं नसतं. आठवड्यानं तू बॅग भरून गेलास. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. मग हळूहळू काहीच वाटेनासं झालं.

बेकरीत गेले किंवा मावशीकडे गेले, तर कुणाला काही सांगावं लागत नाही. मी ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईन आणि या घरात तू कायमचा गाढव राहशील. मुकादम झाले, तर तुझ्या जागेवर उभी राहून रोज तोच खोटेपणा करीन. हे पत्र आज टाकत नाही.

शनिवार, ८ जून

सांगितलं.

बाबा बसच्या सीटा पुसत होते. मी पायरीवर उभी राहून सांगितलं. झेंडी, डबकं, बूट, सगळं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

पुन्हा सांगितलं.

"बुटांसाठी?"

"हो."

त्यांनी फडकं बादलीत टाकलं. "आणि मी पोराला सात मैल चालवलं," म्हणाले, ते माझ्याशी नाही, असंच. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नंतर ते ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले आणि आईनं दोनदा जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

तर ठरलं असं. हावलिकबाईंना आणि मावशीला नाही म्हणून कळवलंय. मुकादम बाबा दुसरा बघतील. मी टोळीत साधी पोरगी म्हणून ओळीत चालणार, बारा वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर, त्यांच्याच मजुरीवर. गेल्या वर्षीची बरीच पोरं यंदाही आहेत. पहिल्या दिवशी बस निघायच्या आधी मी त्यांना सगळं सांगणार आहे, असं बाबांना म्हटलं. त्यांनी बादली उचलून बाहेर ओतली. मग म्हणाले, "तुझं तू सांग. माझं मी सांगेन."

सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. मला अजून तसं काही वाटलेलं नाही. वाटेल तेव्हा वाटेल.

पहिला दिवस सोमवार, १५ जुलै, सकाळी साडेपाच, शाळेचं आवार. तू यावंस असं मी म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही, ते मागायचा हक्क मला आहे की नाही, ठाऊक नाही. फक्त एवढंच, की त्या सकाळी त्या पोरांसमोर तुझं नाव मी परत एकदा घेईन, आणि या वेळी खरं बोलेन.

तुझं नाव पुढं करून स्वतः बसमध्ये बसलेली,
तुझी बहीण,
लोरीन