बांधावर आणखी एक दिवस

प्रिय निकेश,

अलिबागच्या जेलात पाठीखाली चटई तरी मिळते का, हेच दिवसभर डोक्यात फिरतं. खाऱ्या चिखलाने टाचा चिरल्या होत्या, त्या भरल्या का, असं तुझी आई विचारते. सूनबाई मनस्वी खोबरेल पाठवते म्हणाली, पण आत घेतात की नाही कोण जाणे. चौथीपर्यंतच शिकलो, अक्षर सांभाळून घे.

बांध टिकला. परवा उधाण जोरात आलं, पण तू चिखल रचलास तिथून थेंबभर पाणी शेतात आलं नाही. विठू नाक्यावर सांगत बसतो, तडीपार आला नि गाव राखून गेला. सगळे हसतात. मला हसू येत नाही.

बांध फुटून खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर द्यायचा, ही आपली रीत. माझे गुडघे चिखलात उभे राहीनात. आपल्या घरातून कोणी गेलं नाही, असं कधी झालं नव्हतं. म्हणून पेणला प्रांत कचेरीत अर्ज दिला, मुलाला चार दिवस जिल्ह्यात येऊ द्या. खिडकीतल्या बाईंनी माझ्या कागदावर गोल शिक्का मारला. मला वाटलं, झालं काम. तुला खेडला फोन केला, परवानगी मिळाली, ये. धाटावच्या मारामारीपायी दोन वर्षं जिल्हाबंदी, त्यातले तेरा महिने तू निमूट काढले होतेस रे.

पोलीस आले तेव्हा तू कमरेएवढ्या चिखलात होतास. म्हणालास, मीच आलो, बाबांना काय म्हाईत नाय. आणि माझ्याकडे बघून, बोलू नका अशी मान हलवलीस. मी गप्प राहिलो. वकील म्हणतात, परवानगीशिवाय आल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षासुद्धा होते. बोललो तर तू खोटा पडतोस, गप्प बसलो तर आत राहतोस.

आता खरं सांगतो. पोलीस यायच्या आदल्या दिवशी मनस्वीने तो कागद वाचला होता. शिक्का नुसता अर्ज मिळाल्याचा होता. ती म्हणाली, बाबा, त्यांना आत्ताच परत पाठवा. पण खांड अर्धी उघडी होती आणि उधाण तोंडावर. मी तिला गप्प राहायची शपथ घातली नि तुझी भाकरी घेऊन बांधावर आलो. माझं तोंड बघून तू विचारलंस, काय झालं? मी म्हणालो, काय नाय, जेव. गुरुवारी तो कागद घेऊन मी कोर्टात उभा राहणार आहे नि सगळं सांगणार आहे. तेव्हा मान हलवू नकोस.

तुला ठेवून घेणारा, तुझाच बाप,
जनू