वारा कुठल्या भिंतीवरून

३ मार्च

मालकांनी आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं — "एसी बाईच निवडतील. तिथं त्यांना बसायचंय, मला नाही."

सतरा वर्षं या शिवणखोलीत काढली. धाग्याचा रंग सोडला तर कधी काही निवडायला मिळालं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात काजं करता करता मोठी उकाड्यानं खुर्चीतून घसरली. (वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्या तिला मोठी म्हणतात.) डोळे पांढरे. तोंडावर पाणी मीच मारलं. तेव्हापासून एसीसाठी मालकांच्या मागे हात धुऊन लागले होते. आता त्यांनी हो म्हटलं, तर निवड माझ्याच गळ्यात.

घरी ह्यांना सांगितलं. बस चालवून आले होते, पाय चोळत म्हणाले, "गळ्यात काय? पदरात पडली म्हण."

४ मार्च

मालकांचा पुतण्या आला होता. आम्ही त्याला छोटे मालक म्हणतो. त्याला छताखाली दुसरं छत करून त्यातून पत्र्याचे हवेचे बोगदे न्यायचेत. कुठल्याशा कचेरीत पाहिलंय. "दिसायला कसं झकास."

मी म्हटलं, आमच्याकडे दिवसभर सुताची धूळ उडते. महिन्याभरात बोगद्यात गादी भरेल. ती काढणार कोण? भिंतीवरच्या एसीची जाळी आम्ही दर शनिवारी नळाखाली धुऊ.

मालक हसले. छोटे मालक नाही हसले. जाताना दारात म्हणाले, "फसलं तर नाव कुणाचं येईल, कळतंय ना?"

कळतंय.

५ मार्च

खोली मापली. चोवीस फूट बाय चौदा, उंची दहा. नऊ बायका, नऊ यंत्रं, तीन इस्त्र्या. वर उघडी गच्ची, दुपारी छताकडे तोंड वर केलं तरी झळ लागते. सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. कापायचं टेबल, खिडक्या, कोण कुठं बसतं — तेही काढलं. चित्र बरं आलंय.

८ मार्च

एसीच्या दुकानात गेले. मोठीला सोबत नेलं. विकणारा आमच्याकडे बघून विचारतो, "साहेब येणारेत का मागून?"

मोठी म्हणाली, "साहेब याच."

त्यानं लांबी-रुंदी ऐकली आणि लगेच सांगितलं, दोन टनाचा एक लावा, खोलीचा बर्फ होईल. मी विचारलं, तीन इस्त्र्या धरल्यात का? वरची गच्ची? त्यानं नुसतं हूं केलं. वही पुढं केली, तर आतल्या टेबलावरचे चष्मेवाले उठून आले. दुकान त्यांचंच. वही बराच वेळ पाहिली. "हे कुणी काढलं?"

"मी."

"उद्या मी स्वतः जागा बघायला येतो."

परत येताना मोठी रस्ताभर माझ्याकडे बघून हसत होती. मीही ताठ चालत होते बहुतेक.

९ मार्च

चष्मेवाले आले. खोलीत दहा मिनिटं नुसते उभे राहिले, घाम पुसला. म्हणाले, "या इस्त्र्यांसकट चार टन लागतील. दोन टनात तुम्ही उकडून निघाला असता."

चार टन म्हटल्यावर मालकांचा चेहरा उतरला.

मला एकदम सुचलं. मागची कापडाची कोठी — तिला खिडकी आहे. इस्त्र्या तिकडे नेल्या, खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला तर? ताग्यांना काय, त्यांचं कपाट इकडे आलं तरी चालेल.

चष्मेवाले मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मग तीन टनात भागतं."

मी म्हटलं, तीन टनाचा एकच नको. दीड-दीडचे दोन द्या. एक बिघडला तर दुसरा आहे, आणि चौघीच कामावर असल्या तर एकावर निभेल. गार-गरम दोन्ही करणारे हवेत. थंडीत आमची बोटं आखडतात, मग सुई कापडाऐवजी नखात जाते. वहीतल्या चित्रात दोन्ही एसींच्या जागाही खुणेनं दाखवल्या.

"बाई, तुम्ही हे शिकलात कुठं?"

कुठं शिकणार! सतरा वर्षं तिथंच बसलेय.

१४ मार्च

आज माथं फिरलं. बहिणीकडे गेले होते, अर्ध्या दिवसाची रजा. तेवढ्यात छोट्या मालकांनी जोडणीवाल्यांना सांगून एक एसी बरोबर कापायच्या टेबलाच्या वर, भिंतीवर चढवला. म्हणे दारातून आलं की समोर दिसतो.

दिसतो! सुरू केला, तर टेबलावरचं झिरझिरीत कापड उडून जमिनीवर. मोठीची मान थेट झोतात.

मी म्हटलं, काढा. लांबीच्या भिंतीवर, चित्रात खूण आहे तिथं.

"भोकं पडलीत आता भिंतीला."

"भोकं बुजतात. कापड तिरकं कापलं गेलं तर ते नाही बुजत."

आवाज चढला नाही माझा. पण बाकीची आठही यंत्रं थांबली होती. मालक आतून आले, वहीतलं चित्र पाहिलं, जोडणीवाल्यांना म्हणाले, "बाई सांगतात तिथं."

घरी येऊन भाकरी करपवली. तिथं डोकं शांत ठेवलं, हे महत्त्वाचं.

१५ मार्च

हलवला. पाण्याच्या नळीला बाहेरच्या बाजूला उतार आहे का, ते मी स्वतः तांब्याभर पाणी ओतून पाहिलं.

२ मे

बाहेर एक्केचाळीस. आत सव्वीस. कापड जागचं हललं नाही. मोठीनं दिवसभरात साठ काजं केली आणि वर गाणं म्हणत होती. बेसूर. कुणी थांबवलं नाही.

छोटे मालक पाहुण्यांना घेऊन आले होते. "आम्ही असं सगळ्या बाजूंनी विचार करून लावलंय," असं सांगत होते. मी खाली मान घालून शिवत राहिले. हसू काही आवरेना.

९ मे

चष्मेवाले पुन्हा आले. मला वाटलं, एसी तपासायला. एसीकडे बघितलंही नाही. मालकांसमोर खुर्ची ओढून सरळ मलाच विचारलं, आमच्या दुकानात कामाला याल का? मी म्हटलं, मी दहावी नापास आहे. ते म्हणाले, "मी विचारलं का?"

मालक म्हणाले, "अडवलं तर मला पाप लागेल."

ह्यांना सांगितलं. ताटावरून उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. परत आले ते डोळे पुसत. म्हणाले, "तिखट लागलं."

३१ मे

शिवणखोलीतला शेवटचा दिवस. उद्यापासून चष्मेवाल्यांच्या दुकानात. लोकांच्या जागा बघायच्या, मापायच्या आणि कुठला एसी कुठल्या भिंतीवर ते सांगायचं. मोठी आधी रडली, मग म्हणाली, "म्हणजे आम्ही इथं गार वारा खाणार, आणि तू उन्हातान्हात हिंडणार?"

मी म्हटलं, हो.