स्ट्रॉबेरीचा केक आणि तुझा नेम

आई,

त्या केकमध्ये अंडी होती. तू खाल्लेल्या प्रत्येक केकमध्ये होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, नाहीतर इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत बसेन आणि कागद संपेल. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तूच म्हणायचीस, ही पोरगी मीठ मागायला गेली तरी आधी गावगप्पा हाणून येते.

मागच्या रविवारी चाचीकडे जाऊन आले. घणसोली गावात आपल्या शेजारच्या खोलीत राहायची ती चाची. आता कामोठ्याला लेकाकडे असते. गुडघे गेलेत तिचे, पण जीभ शाबूत आहे. मला तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि तेवढं विचारायला मला पंचवीसच्या वर वर्षं लागली. तिनं काय सांगितलं ते पुढे लिहिते. आधी तुझ्या ऑपरेशननंतरच्या त्या थंडीचं लिहिते, कारण तू ती थंडी जशी पाहिलीस तशी ती नव्हती.

फळबाजार तेव्हा नुकताच मुंबईहून वाशीला आला होता. आबा तिथे माथाडी. डिसेंबर लागला की महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे खोके उतरायचे आणि मार लागलेली, एका अंगानं मऊ पडलेली फळं कुणी कुणी आबांच्या हातावर ठेवायचं. धोतराच्या फडक्यात बांधून ती घरी यायची, तोवर फडकं लाल झालेलं असायचं. तू म्हणायचीस, "आपल्या मुलखाची फळं, आन् हितं यिऊन आंबत्यात." आधीच्या वर्षी तू ती साखर घालून खाल्ली होतीस. त्या वर्षी पोटाचं ऑपरेशन झालेलं, आणि भाकरी पुढ्यात आली की तू भिंतीकडे तोंड फिरवायचीस. मी सतरा वर्षांची. स्वयंपाक माझ्या गळ्यात पडलेला आणि माझ्या हातचं तुला काही म्हणता काही जात नव्हतं.

परळचे डॉक्टर म्हणाले, बाईंच्या अंगात रक्त नाही, रोज दोन अंडी द्या, मटणाचा रस्सा द्या. तू पदर बाजूला केलास आणि गळ्यातली तुळशीची माळ त्यांना दाखवलीस. लग्नाच्याही आधी घातलेली माळ. डॉक्टर म्हणाले, "देव रागावणार नाही हो." तू म्हणालीस, "त्यो न्हाई रागवायचा. म्या रागवीन माझ्यावर." आबा बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मला म्हणाले, तुझ्या आईपुढं कुणाचं चालत नाही. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली, आणखीही कुणाकुणाला सांगितली. डॉक्टरांनी सांगितलं, आई ऐकेना, म्हणून मी केकमधून अंडी दिली. ऐकणारे म्हणतात, बरं केलंस. लेकीनं आणखी काय करायचं!

केक मला चाचीनं शिकवला. तिचा नवरा आखातात होता, त्यानं आणलेला एक लांबट डबा होता तिच्याकडे, पावाच्या आकाराचा. ती खजुराचा केक करायची. मी म्हटलं, आमच्याकडे स्ट्रॉबेरी आहे. तर म्हणाली, "घाल ना. पन केक ओला रयला पायजे. दुसऱ्या दिशी पन ओला. सुका केक म्हंजे नुसता पाव." दह्यानं ओलावा राहतो हे तिनं सांगितलं. फळाचे तुकडे कोरड्या मैद्यात घोळवून मग घालायचे, म्हणजे बुडाशी बसत नाहीत, हेही तिचंच. ओव्हन आपल्याकडे कुठला? समोर इमारतीचं काम चाललं होतं तिथली वाळू मी चाळून आणली, जर्मनच्या मोठ्या पातेल्यात बोटभर पसरली आणि त्यात डबा ठेवून वर झाकण. तू अंथरुणावरून बघत होतीस. "पोरी, वाळू शिजवायलीस का काय?" असं म्हणून हसलीस, आणि हसताना पोटाला हात धरलास.

पहिले दोन केक बिनअंड्याचे केले. पहिला मधोमध खचला. दुसरा फुगलाच नाही; सुरी लागेना. तू एक कण जिभेवर ठेवलास आणि म्हणालीस, "ह्यो केक हाय व्हय? वरवंटा आन, ह्याच्यावर चटणी वाटू." आबा हसले, मीही हसले. मग डबा घासायला मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. तुझ्या जिभेला हाड नव्हतं, आई. आजारपणातही नव्हतं.

तिसऱ्या वेळी मी चाचीच्या दारात गेले आणि दोन अंडी मागितली. तिनं लगेच दिली नाहीत. माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तुज्या आयशीला ठावक हाय ना गो? माळ हाय तिच्या गल्यात. दुसऱ्याचा धरम बुडवायचा पाप माज्या डोक्यावर नको." मी म्हटलं, हो, माहीत आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, पण ती लाजते, तिच्यासमोर विषय काढू नका. चाची म्हणाली, "नाय काढत." अंडी तिच्याच घरात फोडली, तिच्याच घरात फेसली. आपल्या उंबऱ्याच्या आत अंडं आणायचं नाही हा तुझा नियम मी अक्षरशः पाळला, कारण आत आलं ते नुसतं पीठ होतं. व्हॅनिलाचं अर्धं झाकण टाकायचं तिथं मी दीड टाकलं.

आदल्या दिवशी एकादशी झाली होती. तशा तब्येतीतही तू ती धरलीस, कुणाचं ऐकलं नाहीस. द्वादशीला सकाळी मी पातेल्याचं झाकण काढलं तर केक डब्याच्या वर आलेला, मध्ये चीर पडलेली आणि चिरेतून लाल रस वर आलेला. सुरी घातली तर लोण्यात जावी तशी गेली. मी वडी कापून तुझ्यापुढे धरली. तू हात पुढे केला नाहीस. म्हणालीस, "आदी देवाला दाव." मला कळेना काय करावं. तू स्वतःच भिंतीला धरून उठलीस, फळीवरच्या विठोबापुढे बशी ठेवलीस, डालड्याच्या डब्यातल्या तुळशीचं, दशमीलाच खुडून ठेवलेलं एक पान त्या लाल वडीवर ठेवलंस, बशीभोवती पाणी फिरवलंस आणि डोळे मिटलेस. मी मागे उभी आहे, हातात सुरी आहे. तुझे ओठ हलतायत. एक शब्द बोलले असते तर तू बशी उचलून बाहेर ठेवली असतीस, मला चार शिव्या दिल्या असत्यास आणि उपाशी राहिली असतीस. मी बोलले नाही.

मग तू खाल्लंस. डोळे मोठे झाले तुझे. "आगं, ह्यो तर तोंडात इरघळतोय," म्हणालीस, आणि दुसरी वडी मागितलीस. ऑपरेशननंतर तू कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा मागितली नव्हतीस. संध्याकाळी भिंतीला धरत दारापर्यंत आलीस आणि येणाऱ्याजाणाऱ्या बाईला थांबवून सांगत होतीस, आमच्या पोरीनं केक केला, बिनअंड्याचा, बघा कसा झालाय. चाची तिच्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, कबूल केल्याप्रमाणे गप्प बसली.

त्यानंतर दर आठवड्याला केक झाला. दर वेळी आधी देवाला, मग तुला. मार्चमध्ये, फळ संपत आलं होतं तेव्हा, तू वडी नाकाजवळ नेऊन थांबलीस. "ह्याच्यात आंडं न्हाई ना गं?" अगदी सहज विचारलंस. मी गळ्याचं कातडं चिमटीत धरून म्हटलं, तुझी शपथ, नाही. तू चपापलीस. "माझी नगं घालूस. म्या आदीच आशी. सुटली म्हन." आणि मी, मी दीडशहाणी, म्हटलं, खरी आहे तर सोडायची कशाला? तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि वडी खाल्लीस. आंबे यायच्या आत तू गेलीस. शपथेनं माणूस मरत नाही, हे मला कळतं. पोटातल्या आजारानं मरतं. पण त्या दिवसापासून मी कुणाचीच शपथ घेतलेली नाही, आणि कळणं वेगळं, छातीवरून उतरणं वेगळं.

तेराव्याला गावाकडची माणसं आली होती. आबा सगळ्यांना सांगत होते, "डॉक्टर बोंबलत व्हता, आंडी द्या, आंडी द्या. पर मरस्तवर नेम मोडला न्हाई तिनं. माळ व्हती तशी गेली." सगळ्यांनी माना हलवल्या, एका म्हाताऱ्यानं हात जोडले. मी चहाचं ताट घेऊन उभी होते. एकेकाला कप देत गेले. आबा आता माझ्याकडेच असतात आणि पाहुणा आला की अजून हेच सांगतात. मी अजून चहाच देते.

एवढी वर्षं मी एका गोष्टीवर काढली. मला वाटायचं, तुला माहीत असणार. शेजारच्या घरात कालवणात काय शिजतंय ते वासावरून सांगणारी बाई तू, तुला दोन अंडी कळली नाहीत? चाचीनं कधीतरी कानात सांगितलं असेल आणि तू माझ्यासाठी गप्प राहिली असशील, मुद्दाम खाल्लं असशील. असं समजलं की झोप लागायची. म्हणून रविवारी चाचीला विचारलं, तुम्ही आईला सांगितलं होतं ना? चाचीनं कपाळाला हात लावला. "मी कशाला सांगू? तूच बोललीस ना, तिला ठावक हाय, ती लाजते. म्हनून तर अंडी दिली मी. नायतर दिली असती काय?" मग माझा हात धरून म्हणाली, "ठावक होता ना गो तिला?" मी म्हटलं, हो. तिचंही वय झालंय. तिच्या डोक्यावर कशाला?

म्हणजे तुला माहीत नव्हतं, आई. तुझ्या मनात तुझा नेम अखंड होता आणि तो मोडलेला फक्त मला माहीत होता. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, एवढंच झालं. त्यात मोठेपणाचं, मायेनं गप्प राहण्याचं काही नव्हतं. ते मीच तुझ्या नावावर घातलं होतं, माझ्या सोयीसाठी.

आबा आत पडलेत, चारच्या चहाला उठतील. हे पत्र त्यांच्या हाती लागता कामा नये, म्हणून वाचून झाल्यावर फाडणार आहे. पाठवायचं तरी कुठे? पण एक राहिलं, आणि ते चाचीलाच काय, कुणालाच सांगितलेलं नाही. ही गोष्ट मी नेहमी ज्या क्रमानं सांगते, वरसुद्धा तशीच लिहिली बघ, तो क्रम खोटा आहे. अंड्याचा पहिला केक तू खाल्लास तो द्वादशीला. आपण परळला गेलो आणि डॉक्टर अंड्यांचं बोलले, ते त्याच्या पुढच्या सोमवारी. चाचीला मी डॉक्टरांचं नाव सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. तू त्यांना माळ दाखवत होतीस तेव्हा मी शेजारी उभी होते आणि आता आपल्याला कारण मिळालं म्हणून मला हायसं वाटत होतं. बिनअंड्याचा केक मला जमत नव्हता, दोनदा माझी फजिती झाली होती, आणि मला तुझ्या तोंडून एकदा, फक्त एकदा, छान झालंय असं ऐकायचं होतं. ती पहिली दोन अंडी मी तुझ्यासाठी फोडली नव्हती.